ताईची मूठ

इंग्रजी शब्द तोडून म्हणायला मला कुणी शिकवलं, असं मघाशी विचारलंत ना? खरं सांगू का, ताईनं. ती स्वतः शाळेत गेलीच नव्हती, त्यामुळे तुम्हाला हे पटायचं नाही. पन्नासच्या दशकातलं आमचं नाचणगाव. मी शब्द तोडून मोठ्यानं म्हणायचो आणि थोरली ताई दर तुकड्याला एक बोट मिटायची.

"अॅग्-रि-कल्-चर."

"चारच? अंगठा उरला न भाऊ. मोठा शब्द सांग."

पाच तुकड्यांनी मूठ वळली की ती खूश.

मॅट्रिक झालो त्या वर्षी तिला खोकला लागला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून आजाराचं नाव इंग्रजीतून सांगितलं. ताई बाहेर बाकावर बसली होती.

"काय म्हने डॉक्टर?"

"काई नाई."

"इंग्रजीत बोलला न तो? तोडून सांग."

अर्थ सांगायचा धीर नव्हता, म्हणून मी नुसते तुकडे सांगितले. "ट्यु-बर-क्यु-लो-सिस."

तिनं एकेक बोट मिटलं, शेवटी अंगठाही. आता अर्थ विचारेल, या भीतीनं मी खाली पाहत राहिलो.

"एका मुठीत तं मावला," ती म्हणाली. "मंग तू रडून काऊन राह्यला?"

पोळ्याआधीच ती गेली. तिला अर्थ कळला होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. पुढे जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, शेकडो शब्द तोडून दाखवले. तो एक शब्द मात्र मी एका दमात म्हणून टाकतो.