बूच ओलं राहावं म्हणून

जुन्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या बाटल्या लिलावाआधी तपासतात, तिथल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि त्यांचे दीर बसले होते. बाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बाटली.

“वहिनी, ही तर गळ्यापर्यंत भरलेली होती. उघडली कोणी?”

“कोण उघडणार, भाऊजी? सील बघा की, तसंच आहे.”

“मग बूच वाळलं. आतली व्हिस्की उडून गेली. दादा अधूनमधून प्रत्येक बाटली आडवी करायचा ना, बूच ओलं राहावं म्हणून.”

“आडवी?”

“क्षणभरच. आडवी करायची, परत उभी ठेवायची. बोलला नाही कधी?”

“माझ्यासमोर ते बाटल्यांचं कपाटच उघडत नसत. मी नाक मुरडायचे ना.”

“निदान आजारपणात तरी सांगायचं.”

“वाचा गेली होती, भाऊजी. नुसता एक हात चालायचा. तो असा उभा धरायचे, हळूच आडवा करायचे, परत उभा.”

“वहिनी...”

“मला वाटायचं, कूस बदलायचीय. मी वळवायचे. ते पुन्हा तसाच हात करायचे, मी पुन्हा वळवायचे.”

“चला, आपल्याला बोलावतायत.”

“शेवटी त्यांनी हात करणंच सोडलं. मी सगळ्यांना सांगितलं, आता जरा आराम पडलाय त्यांना.”