निळ्या शाईखालची ओळ

अहो, अहो, बोट मागे घ्या — बघा, सांगेपर्यंत टेकवलंतच! शाळेत पोरांना हाताची घडी घालायला लावता ना, बाई? मग आता तुम्ही घाला. जुन्या कागदांच्या या खोलीत मास्तर मी. हां, आता कसं! तर हे तुमच्या शाळेचे पहिले हेडमास्तर — शंभर वर्षांपूर्वी हाताखालच्या मास्तरांना पत्र लिहितात, पेन्सिलीने, पानभर झापतात, आणि शेवटची ओळ तेवढी निळ्या शाईने गिरगटून टाकतात. तुम्हाला वाटतंय, तिथे शिवी असणार. खरं सांगा, वाटतंय ना? दोघांमधून विस्तव जात नव्हता म्हणता, तेव्हा शाळेच्या शताब्दीच्या पुस्तकात तेवढाच जरा मसाला — लाजू नका हो, इथे येणारे सगळे भांडणच शोधायला येतात.

घासायचं? कशाला घासायचं? खरवडायचं नाही, ओलं करायचं नाही, औषध लावायचं नाही. कागद नुसता पडून राहणार, आपण उजेड बदलायचा. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड असतो, तो या कॅमेऱ्याला दिसतो. त्यात ही शाई नाहीशी होते आणि पेन्सिल मात्र काळीभोर राहते. पूर्वी लोक ओला बोळा घेऊन शाई पुसायला जायचे. लोक म्हणजे कोण? लोक म्हणजे लोक, गाढव लोक! दोन मिनिटांत कागदाचा लगदा, मधोमध भोक, आणि खाली काय होतं ते जन्मात कळत नाही. मला कसं माहीत? वा! पंचवीस वर्षं इथे काय माश्या मारल्या?

बरं, पडद्याकडे बघा. जरा थांबा — आली. वाचा, मोठ्याने वाचा, वर्गात वाचता तसं. ‘तुम्ही नसता तर ही शाळा मला एक दिवससुद्धा चालवता आली नसती.’ झालं! चेहरा का पडला? शिवी निघाली नाही म्हणून? अहो बाई, शिव्या कोण खोडतं! वरचं पान बघा — आळशी, उद्धट, वेंधळा — एका तरी शब्दावर रेघ आहे? नाही. माझ्या हाताखालून एवढे कागद गेले, राग माणूस ठसठशीत लिहितो आणि खाली सहीसुद्धा करतो. खोडतो ते हे असलं. लिहून झालं की लाज वाटते, आणि मग —

हं? नाही, काही नाही. ताईची आठवण झाली. माझी थोरली बहीण. वडील गेले तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही. इथे छत गळलं होतं, दोन कपाटं भिजली होती, मी पान-पान वाळवत बसलो होतो — उद्या जातो, उद्या जातो. नंतर ताईचं पत्र आलं. तीही पेन्सिलवालीच. ‘तुझे कागद वाळले का?’ इथून सुरुवात, आणि पुढे पानभर माझा उद्धार. खाली दोन ओळी निळ्या शाईने खोडलेल्या. म्हटलं, जे लिहिलंय ते एवढं, तर खोडलेलं काय असेल! तेव्हा हा कॅमेरा नव्हता, धीर तर त्याहून नव्हता. घरी बसून ओला बोळा घेतला आणि — हो, हो, तोच गाढव. हसा, हसा! नोकरीला सहा वर्षं झाली होती, अजाणही नव्हतो. भोक पडलं. त्या भोकात मग मीच रोज नवी शिवी लिहीत गेलो. एकोणीस वर्षं तिच्याकडे गेलो नाही.

आणि आज तुम्हाला ऐटीत सांगतोय, शिव्या कोण खोडतं! स्वतःच्याच तोंडून ऐकायचं होतं, दुसरं काय.

ताई? आहे तर. चांगली खणखणीत आहे. दोन बस बदलल्या की घर. तुमच्या हेडमास्तरांना विचारायला कोणी उरलं नाही म्हणून हा सगळा खटाटोप — माझं माणूस दारात उभं राहून विचारण्यासारखं आहे. आता ओरडेल, पानभर ओरडेल. ओरडू दे.

चला, उठा बाई. फोटो उद्या घेऊन जा. उद्या म्हणजे — परवा या. कागद मी ठेवतो, तुम्ही हात लावू नका. आज लवकर बंद करतोय. घड्याळ काय बघताय, मला दिसतंय तीनच वाजलेत. निघा!