शांघायचं दूध

परक्यांच्या बोलण्याला कान देत अंगावर पाजू नये, त्यांची काळजी दुधात उतरते, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. विमलनं ते हसण्यावारी नेलं होतं. जालना स्टेशनात दुपारची गाडी उशिरा होती. मांडीवर बाळ अंगावर पिता पिता पेंगत होतं, आणि शेजारच्या बाकावरच्या दोन अनोळखी बायकांचं, रहिमाबी-गोजरबाईंचं, बोलणं झोपेतून यावं तसं येत होतं.

"रहिमाबी, शांघायच्या कापसाच्या पेढीवरून तुझ्या लेकाचं, मुबारकचं खत आलं का?"

"आलं की. चहा सस्ता, बाकी समदं महाग म्हणतोय. साबण महाग. दूध तर शेरभर रुपयाला!"

"अगं बया!"

"तिथली लोकं पीतच न्हाईत म्हणं. तीन खतांत दुधाचंच लिहून राह्यला."

"पण त्याला तर सायीचा वास बी सोसत नव्हता. मंग काय मांजर पाळलंय?"

"मांजरापायी कुणी तीन खतं लिहितं का, गोजर?"

"निकाहाचं काही लिहिलं?"

"न्हाई."

रहिमाबीनं विमलच्या मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं.

"आपल्यात तान्ह्याच्या घरून दुधाचे पैसे कुणी घेत न्हाई, गोजर."

"बिलकुल न्हाई."

"तिथं घेतात."

तुमचं कुणी शांघायला असेल, तर विमलचं एवढंच मागणं आहे: कापसाच्या पेढीवरच्या मुबारकच्या खोलीवर त्या माणसाला एकदा पाठवा, आणि ते लेकरू पोटभर पिऊन झोपतं का, बघायला सांगा.