मनगटावरचं बोट

—नाही, आधी बस. ‘सोमवारी लेक्सिंग्टनला मुलाखतीला जात नाही’ हे असं दारात उभं राहून सांगायचं असतं होय? बस, ड्रीमा. घेवडा शिजलाय, मक्याचा पाव गरम आहे. आणि त्या ओल्या कपड्यांकडे बघू नकोस — ड्रायर आहे की, चांगला चालतोय, पण त्याचा आवाज... धबक धबक धबक... कळलं ना? कळलंच तुला. म्हणून बाहेर दोरीवर घालते. थंडीने कॉयच्या विजारी फळीसारख्या कडक होतात, पण बिचारा नवरा तशाच चढवतो.

तर काय कमी आहे तुझ्यात? नर्सिंगची डिग्री? आहे. लायसन्स? आहे. बाळंतपणाच्या वॉर्डातली वर्षं? वॉर्डाला कुलूप लागेस्तोवर तूच तर होतीस तिथे. मार्कांचं तर सोड, शाळेच्या बसमध्ये आम्ही सगळ्या तुझंच बघून उतरवायचो. मग सुईणीच्या मोठ्या शिक्षणाला आणखी काय लागतं — शिंगं? ...हं. ‘तुमच्या हातून काय चुकलं’ असं विचारतात म्हणे. म्हणजे मी. मी आठवते, म्हणून जायचं नाही — हो ना?

मग सांग की! सांग, एक बाई आली होती, तापाने फणफणलेली. पोटाला पट्टा बांधला, यंत्र वाजायला लागलं, आणि मी म्हणाले, ‘ऐक ट्रेसा, घोडा दौडतोय तुझा!’ असंच म्हणाली होतीस तू. आणि दुपारभर आम्ही ऐकत बसलो — मी, कॉय, सासूबाई — घोडा दौडतोय! बाळ तर केव्हाच गेलं होतं. तापाने धावत होती ती माझीच नाडी. माझ्या मनगटावर नुसतं बोट ठेवून ताडून बघितलं असतंस तर... नाही, वाचलं नसतंच ते, मी घरून निघाले त्याच्या आधीच गेलं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण मी दुपारभर स्वतःचंच ऐकून हसत होते गं! राग? होता ना. तुझी गाडी खालच्या रस्त्याने गेली तरी पडदा ओढायचे. आता राग धरायलाही दम लागतो.

कॉयने ते धडधडणं फोनवर घेऊन ठेवलंय, माहितीये? ट्रकमध्ये एकटा बसून ऐकतो. बाळाचं म्हणून. ते माझं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही — मी सांगितलं नाही. बापाकडे तेवढं तरी राहू दे. पण मी इथे खिडकीपाशी भांडी घासत असते, जिवंत, आणि अंगणात माझा नवरा माझंच काळीज ऐकून रडत असतो. कधीकधी वाटतं, त्या दिवशी मीच गेले, आणि मला सांगायचं राहून गेलंय.

आं? काय बघतेस पलंगाखाली? ...कुऱ्हाड आहे ती. धार वर करून ठेवलीय — सासूबाईंनी, दुसरं कोण! बाळंतपणाच्या कळा कापते म्हणे. गेल्या वेळी हॉस्पिटलवाल्यांनी आत नेऊ दिली नाही, म्हणून सगळं घडलं, असं त्यांचं म्हणणं. अजून चार महिने आहेत, पण त्यांना कुठला धीर — अगं बाई. बोलून गेले बघ. हो. पाचवा सरत आलाय. कुणाला दाखवलं नाही अजून. डोंगर उतरून इतक्या लांब जायचं, आणि कुणा परक्या बाईने ‘ऐक’ म्हणायचं? भीती वाटते मला. हलल्यासारखं वाटतं, तेव्हा वाटतं, हेही माझंच काहीतरी असेल.

तू जा. माझ्या वेळेपर्यंत तुझं शिक्षण व्हायचं नाही, ठाऊक आहे, पण या खोऱ्यातली मी काय शेवटची आहे? दुसरी कोण सुईण येणारे इथे? आणि जिने एकदा असं फसून बघितलंय, ती पुन्हा बोट ठेवल्याशिवाय तोंड उघडायची नाही. कॉय सोडेल तुला सोमवारी. वाटेत त्याने फोन काढलाच, तर रेडिओ लाव म्हणावं.

ठोके ऐकायचं ते छोटं यंत्र आहे ना पिशवीत? काढ. आणि दुसरा हात इथे, मनगटावर — घट्ट धर. ...हां. हा ठोका माझा. ...खाली. आणखी थोडं खाली... थांब. थांब थांब — हा पुढे पळतोय. माझा मागे राहतोय! ड्रीमा, तो माझा नाही गं, तो माझा — बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस. घोडा तर म्हणूच नकोस.