पानाच्या मागचा सातवा नियम

— नाही, तो फॉर्म नंतर. आधी बस. त्या खुर्चीवर नको, तिचा चौथा पाय दुसऱ्या खुर्चीचा आहे, त्यांचं अजून जमलेलं नाही. ह्या खुर्चीवर बस. आणि बॅग मांडीवर कशाला, खाली ठेव, इथे कोणी काही नेत नाही — म्हणजे नेतात, पण पहिल्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी आम्ही सगळे फार चांगले असतो. हा बिल्ला वाचलास? 'विचारा, संकोच नको.' माझ्या हातचा आहे. सकाळी नव्या मुलांच्या स्वागताला बसलेल्या आमच्या सगळ्या टीमचे छापील बिल्ले आले, माझाच तेवढा आला नाही, राहिला असेल छापणाऱ्याकडून, मग मी बुटाच्या खोक्याचं झाकण कापलं आणि स्केचपेनने लिहिलं. मागे नऊ नंबर आहे, तो बुटाचा. तर विचार. — काहीच नाही? बरं. पहिल्या दिवशी दातखीळ बसतेच. माझी बसली नव्हती. बसली असती तर फार बरं झालं असतं, पण ते पुढे सांगतो.

तुझे बाबा भेटले मला बाहेर, गेटजवळच्या बाकावर. 'पोरीला जरा सांभाळून घ्या हं' म्हणाले. मी म्हटलं, 'घेतो, काका.' मग ते म्हणाले, 'तुम्ही जेवलात का?' आता ह्या प्रश्नाने माणसाला भरून यावं असं काही आहे का त्यात? नाही. पण आलं. सकाळपासून माझ्याशी धड बोललेले ते पहिलेच — गडबडच तेवढी आहे, टीमचं काही चुकलं नाही. चहा आला, सहा कप, आम्ही सात. ठीक आहे, मी चहा कमी करायच्या विचारात होतोच. ती चष्मेवाली बघ, पलीकडच्या टेबलावरची, तिने मघाशी फॉर्मचं खोकं आणून माझ्या हातावर ठेवलं. हातावर. 'हात काढ' वगैरे काही नाही. मी काढला आपला मीच. कामाच्या नादात होतं असं. ह्या सगळ्यांना मागच्या वर्षी मीच तयार केलं, मुलांना कसं बसवायचं, काय सांगायचं, पान कसं द्यायचं — शिकवलेली माणसं मन लावून काम करतात, चांगलंच आहे.

तर पान. नियमांचं पान मिळालं ना तुला? ते हातात घट्ट धरलंयस तेच. माझ्याकडेही आहे, हे बघ, वाचतो. पहिला — ओळखपत्र गळ्यात. दुसरा — लायब्ररीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घड्याळावर विश्वास ठेवू नये. हा खरा आहे. तिसरा — वॉचमन काकांच्या मांजरीला आडनावाने हाक मारावी. हा मी घातलेला, पण आता ती खरंच आडनावाशिवाय येत नाही, काय करणार. चौथा — मेसमध्ये ताट स्वतः उचलावं. पाचवा — हॉस्टेलचा दरवाजा नऊला बंद होतो, खिडकीबद्दल नियम नाही. सहावा — अडचण आल्यास वरच्या वर्गाला विचारावं. झाले सहा. सोपे आहेत.

पूर्वी सात होते. — नाही, तुला कशाला सांगू, तू आत्ता तर आलीयस. — सांगतो पण. ऐकायला बरी आहेस तू, मधे मधे बोलत नाहीस.

तीन वर्षं झाली. मी दुसऱ्या वर्षाला होतो, हे पान तेव्हा मी लिहायचो. मला गमती करायची सवय — तोंड सरळ ठेवून काहीही सांगायचं आणि लोकांनी मानायचं. नवीन मुलांच्यात एक मुलगा आला, छत्री घेऊन. कडक ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हा काळी छत्री काखोटीला मारून. कोणी विचारलं तर म्हणे, 'आईने दिलीय.' झालं, छत्री हेच नाव पडलं. खोली दोनशे सात. आणि मी काय केलं, त्या वर्षी पानाची दोन रूपं काढली. छत्रीच्या पानावर सहा नियम. बाकी सगळ्यांच्या पानावर मागच्या बाजूला सातवा. दोनशे सातमध्ये कोणी राहत नाही. तिथून कोणी बोलल्यासारखं वाटेल. उत्तर देऊ नये, बघू नये. जो देईल, पुढची पाळी त्याची. वरचा वर्ग सांगेपर्यंत.

आठवडाभराची गंमत होती गं. सोमवारी सुरू, शुक्रवारी सगळ्यांनी हॉलमध्ये एकदम टाळ्या वाजवायच्या, त्याला खांद्यावर घ्यायचं, केक कापायचा. केक मी सांगूनसुद्धा ठेवला होता. त्यावर छत्री काढायची की नाही यावर बेकरीवाल्याशी माझा वाद झाला, तो म्हणाला वटवाघूळ दिसेल. आणि बुधवारी मला कावीळ झाली. डोळे पिवळे, अंग पिवळं, ताईने येऊन मला उचललं आणि घरी नेलं. शुक्रवार माझ्या तापात गेला.

आणि मुलं आज्ञाधारक. आजकाल मुलं ऐकत नाहीत म्हणतात ना — ऐकतात. फार ऐकतात. पाच-पन्नास मुलांनी सातवा नियम पाळला. वरचा वर्ग सांगेपर्यंत. वरचा वर्ग म्हणजे मी, आणि मी घरी उसाचा रस पीत पडलेला. पहिला शुक्रवार गेला, दुसरा गेला. तो मेसमध्ये म्हणायचा, 'जरा मीठ द्या.' कोणी द्यायचं नाही. मेसवाले मामा सांगत होते मला नंतर — आधी म्हणायचा, मीठ द्या, मग म्हणायचा, मीठ द्याल का, मग नुसता बघायचा मिठाकडे, मग उठून स्वतः घ्यायचा. आणि महिन्याभराने औषधाच्या एका बारक्या बाटलीत स्वतःचं मीठ भरून खिशातून आणायला लागला. म्हणजे त्याचा प्रश्न सुटला. हुशार होता. — तू हसू नकोस. हसली नाहीस? मग बरं. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोक हसतात. मला दुसऱ्या तऱ्हेने सांगताच येत नाही.

सरांनासुद्धा कळलं नाही, हजेरीचा कागद फिरतो, सही करायची आणि पुढे द्यायचा. त्याच्या हातात कोणी द्यायचं नाही, बाकावर ठेवायचे, तो उचलायचा. आणि वर्गाचा फोटो. तो फोटो आहे माझ्याकडे, दाखवला असता, पण खोलीवर राहिला. फोटोग्राफर बाहेरचा, त्याला काय माहीत नियम. तो ह्याला म्हणाला, 'ए भाऊ, जरा डावीकडे सरक.' आणि हा एवढा खूश झाला — कोणीतरी बोललं आपल्याशी — की सरकला. 'अजून जरा.' अजून सरकला. फोटोग्राफर 'बास' म्हणाला असेल, ह्याने ऐकलं नसेल, आनंदाने सरकतच गेला. फोटोत तो नाहीच. कडेला छत्रीचं टोक आहे, चार बोटांएवढं.

फोन? फोन होता की. तू विचारलं नाहीस, मीच विचारतो, गोष्टीत इथवर आलं की सगळे हेच विचारतात. एक फोन करून 'झालं, संपलं' एवढं सांगता आलं असतं. दोन शब्द. मी सगळ्यांना सांगतो, कावीळ होती, ग्लानीत होतो. ग्लानीत होतो — आठ दिवस. मग ताप उतरला. मग मी साडेतीन महिने घरी होतो, आणि बरा होतो. पत्ते खेळायचो भाच्याशी. मला आठवलंच नाही. लाज वाटली, भीती वाटली, असं काही असतं तर सांगायला तरी बरं होतं. विसरलो. केकसुद्धा आठवला मध्ये एकदा — की अरे, तो केक कोणी खाल्ला असेल. तो मुलगा नाही आठवला.

हे मी टीमला सांगितलं नव्हतं. तुला का सांगितलं कोण जाणे.

परत आलो तेव्हा गेटमध्येच आठवलं. पायरीवर पाय ठेवला आणि बॅग तिथेच टाकली. पळत मेसमध्ये गेलो, पहिल्या वर्षाची मुलं जेवत होती, म्हटलं, 'छत्री कुठंय?' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एक जण म्हणाला, 'कोण?' म्हटलं, अरे, दोनशे सात. तो म्हणाला, 'तिथे कोणी राहत नाही.' त्याला गंमत करायची नव्हती. तोंड सरळ ठेवणं आणि तोंड सरळ असणं ह्यातला फरक मला कळतो, धंदाच आहे माझा तो. खोली उघडून बघितली. गादी गुंडाळलेली, टेबलावर मिठाची बाटली, अर्धी. ऑफिसातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रवेशाचे कागद परत घेऊन गेला, पंधरा दिवस झाले. खिडकीशी येऊन अर्धा तास नुसता उभा होता. बाईंनी म्हटलं, काय हवंय बाळा, तर रडायला लागला. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, काही नाही, तुम्ही विचारलंत म्हणून.

फॉर्मवरच्या पत्त्यावर गेलो मी. दुसरेच लोक राहत होते. फोन लागत नाही. ते दोन शब्द राहिले माझ्याकडे. म्हणून दरवर्षी ह्याच टेबलावर बसतो, दाराशी. मला उगाच वाटतं, तो कधीतरी परत पहिल्या वर्षाला येईल. येतात लोक. मी म्हणेन, 'झालं, संपलं, ये.' आणि मीठ देईन. हसण्यासारखंच आहे. मिठाची बाटली आहे माझ्या खिशात, ही. तीच.

मागच्या वर्षी टीमला हे सगळं मी मुद्दाम सांगितलं — म्हणजे कावीळवालं सांगितलं — की बाबांनो, असलं कधी करू नका. पण सांगताना तो वटवाघळाचा केक आला, तो सरकत जाणारा मुलगा आला, आणि सगळे पोट धरून हसले. चष्मेवालीने डोळे पुसले हसून. 'जुनं पान आहे का अजून?' तिने विचारलं. होतं. दिलं. मला वाटलं, फाडून टाकायला मागतेय —

तुझ्या पानाला मागे काहीतरी छापलंय. — उजेडात आरपार दिसतंय. माझ्या पानाची मागची बाजू कोरी आहे. बघू. — दे ना. — असं घट्ट नको धरूस, फाटेल. मी ओढत नाही. तू आहेस तशी बस, मी इकडून वाचतो. उलटं वाचता येतं मला.

सातवा. दाराजवळच्या टेबलावर कोणी बसत नाही. तिथून कोणी बोलल्यासारखं वाटेल. उत्तर देऊ नये, बघू नये. जो देईल, पुढची पाळी त्याची. वरचा वर्ग सांगेपर्यंत.

अच्छा.

भाषा तीच ठेवलीय त्यांनी. शब्दसुद्धा बदलला नाही, फक्त खोलीच्या जागी टेबल. चांगलं काम आहे. सहा कप. हातावर खोकं. आता जुळलं सगळं. म्हणजे मी इतका वेळ — आणि तू सगळं ऐकलंस. ऐकू नये असं कुठे लिहिलेलं नाही, ते बरोबर आहे, नियमात नाही ते. मी लिहायला हवं होतं.

वरचा वर्ग सांगेपर्यंत म्हणे. माझ्यावर आता वर्ग नाही गं. पाचव्या, शेवटच्या वर्षाच्या वर कोण असतं?

तू मला एक सांग — नाही, सांगू नकोस. बरं, मान हलव. आत्ता मी दिसतोय ना तुला? एवढंच. खाली बघितल्यासारखं कर आणि — नको, थांब. चष्मेवाली बघतेय इकडे. आणि ओठ नको हलवूस. कळतंय मला, तुझे ओठ हललेत मघापासून दोनदा. जेवलात का, असं विचारणारे बाबा आहेत तुझे, तू बोलशीलच. म्हणून सांगतो, बोलू नकोस. तू बोललीस तर पुढच्या पानावर तुझी खोली येईल, आणि मुलं फार ऐकतात. मी तुझ्या बाबांना 'घेतो' म्हटलंय.

ते गेले ना? बाक रिकामा दिसतोय. जेवलात का म्हणाले होते. मी 'हो' म्हटलं, खोटंच.

फॉर्म घे. पान घे. बॅग घे. त्या टेबलावर जा, ते सगळे चांगले आहेत, पहिला दिवस आहे. जा. वळून बघू नकोस, बघू नये असंही आहे त्यात.

पुढचा. — ये, बस. त्या खुर्चीवर नको. — पान मिळालं ना?

बरं. नको बोलूस.