कागदावरचा मालक

जबाब, दिनांक ३ फेब्रुवारी २०२५

मी, लवू सोमा कुणकेरकर, वय ७३ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी खाजगी ड्रायव्हर, राहणार दुसरा मजला, सुखकर्ता चाळ, चिवडा गल्लीच्या मागे, लालबाग, मुंबई. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझा पुतण्या हितेंद्र, वय ३४, त्याची बायको दर्शना आणि त्यांची मुलगी श्रेया, वय ४, असे एकत्र राहत होतो. हितेंद्रचे आईवडील लवकर वारले. तो माझ्याकडेच वाढला. मला मूलबाळ नाही. तो लोअर परळला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढत असे.

मी गिरगावात एका शेटजींकडे जन्मभर गाडी चालवली. गाडीचा दरवाजा उघडून "या मालक" म्हणायचे आणि मालक उतरून वर गेले की गाडीत बसून पेपर वाचायचा, एवढे माझे शिक्षण. निवृत्त झाल्यावर मी एक छोटी जुनी गाडी घेतली. ती गेल्या वर्षी विकली. तिला कधी खरचटले नाही, म्हणून विमा कंपनीकडे मी कधी काही मागितले नाही. त्याबद्दल हप्त्यात निम्मी सवलत माझ्या नावावर जमली होती. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दुसऱ्याला देता येत नाही.

हितेंद्रला लहानपणापासून एकच वेड. दोन माणसांची, लांब नाकाची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. साध्या गाडीची पुढची चाके गाडीला ओढतात, हिची मागची चाके ढकलतात. तो म्हणायचा, "काका, वळणावर कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे नेतंय असं वाटतं." अशी एक जुनी परदेशी गाडी पुण्यात स्वस्तात मिळाली. पैसे हितेंद्रचे. ऑफिसच्या सोसायटीचे कर्ज आणि दर्शनाच्या पाटल्या. माझा त्यात रुपया नाही, हे लिहून घ्यावे.

गाडी स्वस्त होती, तिचा विमा स्वस्त नव्हता. परदेशी, दोन आसनी आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून हप्ता ऐकून दर्शना म्हणाली, "गाडी घरी आणा आणि विम्यासाठी मला विका." तेव्हा आमच्या ओळखीचे विमा एजंट धनेश यांनी सुचवले की गाडी काकांच्या नावावर घ्या, त्यांचा बोनस वाया चाललाय. यात बेकायदा काही नव्हते. मी आनंदाने सही केली. मला वाटले, माझ्या हातून गाडी एकदाही धडकली नाही त्याचे पोराला काहीतरी मिळाले.

गाडी चाळीखाली आली तेव्हा शेजारच्या जाईबाई म्हणाल्या, "काय ओ लवूकाका, ह्या गाडयेत बसूचा की निजूचा?" हितेंद्रने त्यांच्यासमोर माझ्या बाजूचा दरवाजा उघडून धरला आणि म्हणाला, "बसा मालक. आजपासून मी तुमचा ड्रायव्हर. पगार वेळेवर द्या, शेटजींसारखं रडवू नका." सगळे हसले. त्यानंतर तो मला घरातही मालक म्हणू लागला.

मुद्द्याचे सांगा असे सांगण्यात आल्यावरून सांगतो की, रविवार, दिनांक १९ जानेवारी रोजी सकाळी आम्ही दोघे भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला गेलो. श्रेयाला बोंबील हवे होते. येताना मी डाव्या बाजूला बसलो होतो. मासळीची पिशवी ठेवायला त्या गाडीत जागा नाही म्हणून ती माझ्या मांडीवर होती. रे रोडच्या बाजूला एका वळणावर मासळीच्या ट्रकमधून सांडलेले पाणी रस्त्यावर पसरले होते. गाडीचा वेग जास्त नव्हता. मागची चाके सरकली. मी "ब्रेक नको" म्हणालो. त्याने ब्रेक दाबला होता. कुणीही दाबला असता. गाडी गोल फिरून उजव्या बाजूने खांबावर आदळली. उजवी बाजू चालवणाऱ्याची. दुसऱ्या कोणास इजा झाली नाही. माझ्या डाव्या मनगटास खरचटले. पिशवी फाटलीसुद्धा नाही. पंचनाम्यात तिचा उल्लेख दिसत नाही.

हितेंद्रला रुग्णालयात नेले असता तेथे त्यास मयत घोषित केले.

बारावे झाल्यावर धनेश घरी आले. चहा घेतला नाही. त्यांनी सांगितले की पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा आहे, तो मालक चालकाचा आहे. म्हणजे मालक गाडी चालवताना किंवा शेजारी बसलेला असताना गेला तरच मिळतो. चालवणारा दुसरा असेल तर त्याचा जादा विमा वेगळा घ्यावा लागतो. तो आम्ही घेतला नव्हता. वारस म्हणून पॉलिसीत नाव हितेंद्रचे आहे. मोडलेल्या गाडीची भरपाई मिळेल, ती माझ्या नावाने येईल आणि सोसायटीच्या कर्जात जाईल. दर्शनाला नोकरी नाही. तिने धनेश यांना विचारले, "म्हणजे काका गेले असते तर मिळाले असते?" आणि लगेच माझ्या पायाशी बसून रडू लागली. मी तिला म्हणालो, "रडू नको बाय, बरोबर विचारलंस."

म्हणून माझे म्हणणे असे की, सदर गाडीचा खरा मालक हितेंद्र होता. पैसे त्याचे, चावी त्याच्याकडे, रविवारी फडके घेऊन पुसायचा तो. मला ती गाडी सुरूसुद्धा करू देत नसे, म्हणे मालकाने कष्ट करायचे नाहीत. जबाबात तसे लिहावे अशी मी विनंती केली. जबाब लिहिणाऱ्या सीमा मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मी लिहीन हो. पण आरसी बुकावर तुमचं नाव आहे. कंपनी माझा जबाब बघणार नाही, ते बुक बघणार." मी म्हणालो, तरी लिहा. त्यांनी मला पाणी दिले आणि लिहिले. दर्शना श्रेयाला घेऊन बाहेर बाकावर बसली आहे. तिला मी काहीतरी होईल असे सांगून आणले आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. एजंटविरुद्ध नाही, ट्रकवाल्याविरुद्ध नाही. माझे ड्रायव्हिंग लायसन्स वैध असून हप्ता पूर्ण भरलेला आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात माझ्या नावापुढे मालक असे लिहिले आहे, ते कागदावरून घेतले आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरे आहे.

सही
लवू सोमा कुणकेरकर
वाहनमालक