डावे हात, उजवे हात

(त्रिशूरजवळच्या गावातली शाळा. मुख्याध्यापक कोच्चप्पन माश, म्हणजे मास्तर, यांची खोली. रेमणी टीचरचा एम.एड.च्या परीक्षेचा पाठ नुकताच झाला आहे. तो पाहायला आलेल्या परीक्षक थंकमणी मॅडम बाहेर हात धुताहेत.)

माश : अख्खा वर्ग हात वर करून बसला होता, टीचर! अख्खा! त्यातला नेमका डावाच सापडला तुम्हाला?

रेमणी : सापडला नाही माश, शोधला.

माश : शोधला! अहो, येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा, ही युक्ती मी काय गंमत म्हणून काढली? जो साहेब आला तो तोंडात बोटं घालून गेला. या शाळेत एकही ढ नाही म्हणे!

रेमणी : मीही इतकी वर्षं उजवेच वेचत आले. एम.एड.ला गेले नसते तर तशीच निवृत्त झाले असते, गळ्यात हार घालून.

माश : मग जायला सांगितलं कोणी? शनिवार-रविवार बसचे धक्के खाल्लेत, नवऱ्याला नाश्त्याचं तांदळाचं पुट्टू स्वतः नळीत भरून उकडायला लावलंत. कशासाठी? त्या आल्फिनला उभं करायला?

रेमणी : बिचारा काय म्हणाला, ऐकलंत ना?

माश : ऐकलं! "टीचर, चुकलात, माझा डावा आहे." मॅडमच्या पुढ्यात! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

रेमणी : आणि त्याच्या पुढचं? "भागल्यावर कमी व्हायला हवं ना, मग अर्ध्याला पावाने भागून दोन कसे येतात?" आजवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं, माश.

माश : विचारायचंय काय त्यात? उलटं करा, गुणा, उत्तर लिहा, घरी जा.

रेमणी : मी म्हटलं, आणखी कोणाकोणाला कळलं नाही? तर निम्म्या उजव्यांनी हात बदलले.

माश : आणि तुम्ही एवढा रंगवून आणलेला तक्ता गुंडाळून फळ्यावर लांबलचक पुट्टू काढून त्याचे तुकडे पाडत बसलात! घंटा झाली तरी पाठ अर्धाच!

रेमणी : अर्ध्या पुट्ट्यात पाव-पावचे तुकडे किती, एवढंच तर दाखवत होते. कळायला लागलं होतं हो त्यांना.

माश : हळू. आल्या. या, या मॅडम. पळंपोरी घ्या, केळ्याची भजी, गरम आहे.

मॅडम : रेमणी, उद्दिष्ट गाठलं नाही, पाठ पुरा झाला नाही, आराखडा तर पहिल्या पाच मिनिटांतच वाऱ्यावर सोडलात. नियमाने मला नापास करावं लागतंय. फेरपाठ आता पुढच्या वर्षी. पदवीही तेव्हाच.

रेमणी : बरं, मॅडम.

माश : बरं काय, बरं! मॅडम, उद्याच 'ब' वर्गावर घेऊ द्या ना. ती पोरं तयार आहेत.

मॅडम : तयार म्हणजे?

माश : म्हणजे... हुशार.

रेमणी : नको, माश. आज घरी जाऊन मी भोकाड पसरणार आहे, खोटं कशाला सांगू? वर्ष गेलं माझं. पण त्या पोराला "बस खाली" म्हणणं माझ्याच्याने झालं नसतं.

मॅडम : मला ते दिसलं. पण त्याला गुण द्यायला माझ्याकडे रकाना नाही. द्या ती पळंपोरी, चालता चालता खाते. बस चुकेल माझी.

माश : गेल्या! खाऊनपिऊन नापास करून गेल्या! आणि टीचर, तुम्ही कुठे निघालात? जेवणाची सुट्टी आहे, पेज निवतेय.

रेमणी : पोरं जेवायला उठलीच नाहीत. म्हणतात, आधी ते पुट्टू संपवा.

माश : पेज सोडून? भागाकारासाठी? आपली पोरं?

रेमणी : आपलीच.

माश : टीचर... दार लोटा जरा. ते उलटं का करतात, हे मलाही कधी कोणी सांगितलं नाही. येऊन बसू का मी वर्गात?

रेमणी : या ना. पण खुर्ची आणू नका माश, बाकावर बसा.